दरवाजा पुरात फुगला की ओलीने कुजला? विम्याचे पैसे त्यावरच ठरतात

शहाड : उल्हास नदीला पूर आला की शहाड-मोहने पट्ट्यातील सखल वस्त्यांची धाकधूक वाढते. २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ चे पूर इथे कुणी विसरलेलं नाही. अशा नुकसानीत घरविमा कामी येतो का?

काय मिळतं?
‘आयआरडीएआय’च्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. पूर, वादळ, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात येतं. इमारतीचा विमा काढल्यास सामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांचं संरक्षण मिळतं.

काय मिळत नाही?
जुनी गळती, भिंतीतली ओल, बुरशी, वाळवी. ही देखभाल मालकाचीच.

दावा कसा कराल?
• साफसफाईआधी फोटो, व्हिडिओ काढा.
• कंपनीला लगेच कळवा.
• सर्व्हेयर येईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका.
• दावा नाकारल्यास लेखी कारण मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा, दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.