परतीची वाट जड का?

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून वाहतो. सकाळी कोथरूडहून लीलया शहरात आलेल्या चाकरमान्याला सायंकाळी परतताना धाप लागते आणि तो वयाला दोष देतो. दोष खरा वाऱ्याचा! हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि वाऱ्याचा १० असेल, तर समोरची हवा सकाळी ५ च्या, सायंकाळी २५ च्या वेगाने अंगावर येते. म्हणजे विरोध पंचवीसपट. त्यात परतीचा सौम्य चढ डोळ्यांना दिसत नाही. पायांना मात्र कळतो. अशा वेळी वेग १५ वरून ८ वर आणला, तर हवेचा विरोध जवळजवळ निम्मा होतो. सावकाश जाण्यात कमीपणा नाही, शहाणपणच आहे.