रेपो रेट उतरला, मग तुमच्या कर्जाचा व्याजदर का नाही?



मागच्या महिन्यात वायर घ्यायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो होतो. नेहमीचे दुकानदार काका बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसले होते. म्हणाले, "रिझर्व्ह बँकेने व्याज कमी केलं म्हणतात. शेजारच्याचा दर उतरला, माझा आहे तिथेच. असं कसं हो?" दोघांचंही २० लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी. हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून आज तोच समजून घेऊ.

रेपो रेट म्हणजे काय?

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे देते, तो रेपो रेट. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात तो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. २० लाखांचं पूर्ण लिमिट वापरणाऱ्यासाठी हा सव्वा टक्का म्हणजे वर्षाला २५,००० रुपये.

मग पैसे अडतात कुठे?

तपकीर गल्लीत एकाने वायरचा भाव उतरवला की दुसऱ्यालाही उतरवावा लागतो, कारण गिऱ्हाईक दोन पावलांवरच्या दुकानात जातं. बँक बदलणं इतकं सोपं नाही. तारणाची कागदपत्रं, मूल्यांकन, प्रोसेसिंग फी, सगळं पुन्हा करावं लागतं. गिऱ्हाईक कुठे जात नाही हे माहीत असलं की बँकेला कपात द्यायची घाई नसते. म्हणजे धोरण एकच असलं तरी स्पर्धा जिथे कमी, तिथे त्याचा परिणाम उशिरा आणि अर्धवट पोहोचतो.

आधी २०१० चा बेस रेट आणि मग २०१६ चं एमसीएलआर, दोन्ही बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरायचे. त्यामुळे कपात रेंगाळायची. शेवटी १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी फ्लोटिंग दराची वैयक्तिक, गृह आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं बंधनकारक झालं. दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदललाच पाहिजे, असा नियम आहे.

शेजाऱ्याचं कर्ज असंच रेपोला जोडलेलं. काकांचं सहकारी बँकेत, जिथे हा नियम लागू नाही. तिथे गिऱ्हाईक निघून जाण्याची भीती हाच काय तो दबाव. आणि काकांनी बारा वर्षांत दुसरीकडे साधी चौकशीही केली नव्हती!

ठेवींचं काय?

तिथेही हेच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० टक्के झाला. एफडीचे दर वाढले, कारण एफडी करताना लोक चार बँकांचे दर विचारतात. बचत खातं मात्र कोणी हलवत नाही. स्टेट बँकेचा सर्वसामान्य बचत खात्याचा दर त्या काळात २.७० टक्क्यांवरच राहिला. बचत खात्याचे दर ठरवायची मोकळीक बँकांना २०११ पासून आहे, हे लक्षात घ्या.

तुम्ही काय करायचं?

१. कर्ज कशाला जोडलंय ते बँकेला विचारा: रेपो, एमसीएलआर की बँकेचा स्वतःचा दर?

२. रेपोच्या वर किती टक्के लावलेत (स्प्रेड) ते बघा. हा आकडा बँक ठरवते, त्यामुळे घासाघीस इथेच करायची.

३. अकाउंट ॲग्रिगेटरमधून तुमच्या संमतीने दुसऱ्या बँकेला तुमची स्टेटमेंट थेट मिळतात. त्यामुळे चौकशीसाठी कागदांचे गठ्ठे लागत नाहीत.

४. फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडताना दंड लागत नाही. १ जानेवारी २०२६ पासून व्यापारी बँकांनी मंजूर किंवा नूतनीकरण केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या फ्लोटिंग कर्जांनाही ही सवलत आहे.

काकांनी परवा दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर आपल्या मॅनेजरसमोर ठेवलं. "दोन दिवस द्या, बघतो," असं उत्तर मिळालं. दर किती उतरेल ते कळेलच, पण बारा वर्षांत मॅनेजर पहिल्यांदाच "बघतो" म्हणाले.