शेतात जवळ बाळगायची छोटी सुरी

जालन्यात सळईचे कारखाने भरपूर, पण सळईच्या लोखंडाची सुरी करून घेऊ नका. त्यात कार्बन जेमतेम पाव टक्का. धार लागते, टिकत नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याहून जास्त असतो. म्हणून घिसाड्याकडे पाट्याचीच सुरी मागावी आणि धारेला नीट पाणी पाजले आहे ना, हे विचारावे.

ठिबकची नळी, खताच्या गोणीची सुतळी, मोसंबी यांसाठी तीन-चार इंचांचे पाते पुरते. पात्याचे लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेले हवे. मी तरी सर्वांत आधी हेच पाहतो. मोसंबीचा आंबट रस साध्या पोलादाला पटकन गंजवतो. काम झाले की पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. तेवढे होणार नसेल तर सरळ स्टेनलेसची घ्यावी. म्यान हवेच.

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रात मोडते. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला, की सुरी बाळगून गावात हिंडण्यावरही बंदी येऊ शकते. अशा दिवसांत ती शेतातच ठेवा.