ब्राउझरचे आतले कप्पे

व्यापारी बंधूंनो, जीएसटीचे विवरणपत्र असो, ई-वे बिल असो की बँकेचे खाते, आज सारे काम ब्राउझरमधूनच होते. या ब्राउझरच्या पोटात काही पाने अशी आहेत की ती मेनूत सहसा दिसत नाहीत. त्यांची ओळख दुकानदाराला असावी, असे आम्हास वाटते.

ही पाने इंटरनेटवर नसतात, आपल्याच संगणकात असतात. म्हणून कनेक्शन बंद असले तरी त्यांतील बरीच उघडतात. वेबसाइटचा पत्ता लिहितो त्याच पट्टीत, रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता त्यांचा पत्ता हाताने लिहावा. गूगलच्या क्रोममध्ये आधी 'क्रोम', मग कोलन, दोन तिरप्या रेघा व पानाचे नाव. फायरफॉक्समध्ये 'अबाउट', कोलन व नाव. फायरफॉक्समध्ये नावाच्या जागी पुन्हा 'अबाउट'च लिहिले तर सर्व पानांची यादी समोर येते.

क्रोममधील 'व्हर्जन' पान ब्राउझरची आवृत्ती सांगते. दुरुस्ती करणारा पहिल्यांदा तेच विचारतो. 'एक्स्टेन्शन्स' पानावर ब्राउझरला जोडलेली बाहेरची अवजारे दिसतात. हे पान महिन्यातून एकदा अवश्य पाहावे. परवानगी मिळालेले अवजार आपण उघडलेल्या पानावरील मजकूर वाचू शकते, मग ते पान बँकेचे का असेना. ओळखीचे नसेल ते काढून टाकावे. फायरफॉक्सच्या 'सपोर्ट' पानावर सगळ्या तब्येतीचा अहवाल मिळतो. तेथील 'रिफ्रेश' बटणाने बाहेरची अवजारे निघतात, पण बुकमार्क व पासवर्ड राहतात.

क्रोमचे 'फ्लॅग्ज' व फायरफॉक्सचे 'कॉन्फिग' ही पाने मात्र जपून हाताळावीत. 'फ्लॅग्ज'मध्ये प्रयोगावस्थेतील सोयी असतात. त्या चालू केल्यास माहिती जाऊ शकते, सुरक्षितता धोक्यात येऊ शकते, असा इशारा क्रोम स्वतःच देतो. कापड नीट उतरत असताना मागाचे नट कोणी फिरवत नाही, तसेच हे. बदल करणे भागच पडले तर मूळ नोंद आधी वहीत उतरवावी. 'फ्लॅग्ज'मध्ये घोटाळा झालाच, तर 'रीसेट ऑल' हे बटण सर्व पूर्ववत करते.

आणखी एक. अनोळखी माणूस फोनवर "अमुक पत्ता लिहा, तमुक चालू करा" म्हणू लागला तर फोन ठेवून द्यावा. गल्ल्याची किल्ली आपण परक्याच्या हाती देत नाही. हीही किल्लीच आहे.