क्षितिजावरचा नगरप्रकाश
शहरातील दिव्यांचा वर किंवा आडवा निसटलेला प्रकाश हवेतील रेणू व धूलिकणांवर आदळून विखुरतो आणि त्यातून जी फिकट आभा पसरते, तिला ‘आकाशदीप्ती’ म्हणता येईल. दिवे क्षितिजाआड गेले तरी त्यांच्यावरची उजळलेली हवा उंच असल्याने दिसत राहते. म्हणूनच लास व्हेगासची आभा सुमारे १५० किलोमीटरांवरील, एरवी गडद काळोखाच्या डेथ व्हॅलीतूनही घुमटासारखी ओळखू येते. मर्ल वॉकर यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील शहरांच्या मोजमापांवरून मांडलेल्या सूत्रानुसार ही दीप्ती लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाल्यास ती पाच पटींहून अधिक मंदावते. अर्थात रोषणाईवरच जगणाऱ्या लास व्हेगासला लोकसंख्येचे माप तोकडेच पडते.