आकडा पारखणारी नजर

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघरी प्लेटलेट्सची चर्चा सुरू होते. एरवी दीड लाखाच्या वर असणारी संख्या रिपोर्टमध्ये ४०,००० दिसली, तर नातेवाईक हादरतात. पण काहींच्या रक्तात जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएमुळे प्लेटलेट्सचे पुंजके होतात. यंत्राला ते प्लेटलेट्स म्हणून ओळखता येत नाहीत आणि आकडा खोटाच खाली येतो. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की हे पुंजके दिसतात. मग सायट्रेटच्या नळीत नवा नमुना घेऊन मोजणी पुन्हा करतात. बारावीनंतर डीएमएलटी किंवा बीएमएलटी या प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमांचा विचार करणाऱ्यांनी ही शंका घेण्याची सवय म्हणजेच या पेशाचा गाभा आहे, हे आधी ओळखावं.

‘सगळं मशीनच करतं, मग माणूस कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. यंत्र मोजतं ते बहुधा बरोबरच असतं. चूक बरेचदा नमुन्यात असते. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. जांभळ्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं गेलं तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. नवी यंत्रं अशा काही गोष्टींचा इशारा देतात हे खरं. पण इशारा आल्यावर रिपोर्ट रोखायचा की नमुना पुन्हा मागवायचा, हे जाणत्या तंत्रज्ञाच्या लक्षात यावं लागतं. चुकीच्या पोटॅशियमवर उपचार झाले तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पगार बेताचा, आणि रिपोर्टवर सहीचा अधिकारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं स्पष्ट केलं. म्हणून स्वतःच्या बळावर लॅब चालवण्याचं स्वप्न घेऊन इकडे येऊ नये. पगाराची तक्रारही रास्त आहे. जबाबदारीच्या मानाने मोबदला कमीच मिळतो. तरीही २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या क्षेत्राला किमान प्रशिक्षणाची चौकट दिली आहे: संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं शिक्षण. प्रवेश घेताना त्यातले किती तास खऱ्या नमुन्यांवर जातात आणि नंतर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणी होईल का, हे दोन प्रश्न कॉलेजला विचारावेत. उत्तर टाळलं गेलं, तर फी भरू नये.