इन्सब्रुक नगरीतील पदयात्रा

आल्प्स पर्वताच्या कुशीत, इन नदीच्या तीरी, ऑस्ट्रिया देशातील इन्सब्रुक हे जुने नगर वसले आहे. सभोवती उत्तुंग शिखरे असली, तरी जुन्या नगरातील वाट सपाट आहे. वृद्धांनाही ती सहज चालता येते.

दक्षिणेकडील विजयकमानीपासून आरंभ करावा. सन १७६५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा पुत्र लिओपोल्ड याचा विवाह येथे झाला. परंतु सोहळे चालू असतानाच तिचे पती सम्राट फ्रान्सिस यांचे आकस्मिक निधन झाले. म्हणून या कमानीच्या दक्षिण अंगावर विवाहाचा आनंद कोरलेला आहे, तर उत्तर अंगावर शोक. नगरात शिरणाऱ्यास प्रथम आनंदच दिसतो. शोक पाहावयाचा तर मागे वळावे लागते. घाईने पुढे जाणाऱ्यास तो कळतही नाही.

तेथून सरळ सुमारे पाऊण किलोमीटरवर ‘सोनेरी छप्पर’ लागते. सम्राट मॅक्सिमिलियनने १५०० च्या सुमारास बांधविलेल्या या सज्जावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची २,६५७ कौले आहेत. जवळच्याच राजघराण्याच्या चर्चमध्ये त्याचे भव्य थडगे असून, त्याभोवती २८ कांस्यपुतळे उभे आहेत. थडगे मात्र रिकामे! सम्राटाचे दफन दूर व्हीनर नॉयश्टाट येथे झाले.

छपराकडे परतून थोडे पुढे गेले की इन नदीवरील पूल येतो. नगरास नाव मिळाले ते या पुलावरूनच.